एका दमात मावणारं नाव

ती. दादांना वाकून नमस्कार,

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे उरलेलं पत्र तुम्ही पाय पसरून वाचाल. सगळं ठीक आहे. बाळ ठीक, बाळाची आई ठीक, आणि आमच्या मातोश्री ठीकपेक्षा जरा जास्तच ठीक. माझं पत्र म्हटल्यावर तुम्ही पाकीट फोडायच्या आधी वहिनींना हाक मारली असणार, कारण जो माणूस दिवसभर बसस्थानकाच्या माइकवर बोलतो आणि घरी आल्यावरही बंद होत नाही (अख्खं स्थानक मला ‘भोंगा’ म्हणतं ते उगाच नाही), तो कागद-पेन घेऊन बसतो तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. या खेपेला बिनसलं होतं खरं, पण निस्तरलं. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी आणलेलं तेल लावता, की बाटली कपाटात ठेवून तिच्याकडे नुसतं बघता? आणि बंदरावरच्या तुमच्या ऑफिसातली ती खिडकी अजून नीट लागत नाही ना? ती दुरुस्त करून घेऊ नका. का, ते पुढे सांगतो. (विसरलो तर आठवण करा. पत्रात ती कशी करणार, हे मात्र मला विचारू नका.)

तर मुद्दा बाळाच्या नावाचा. हे पत्र मी घोषणेच्या खोलीत बसून, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात लिहितोय, त्यामुळे मध्येच अक्षर डगमगलं तर समजून घ्या. तुमच्या भाचीला चौथा महिना सरत आला तरी नाव नव्हतं. नाव नव्हतं म्हणजे सुचत नव्हतं असं नाही. तुमच्या बहिणीने पहिल्याच दिवशी एक बोट वर करून सांगितलं होतं, नाव एका दमात मावणारं हवं. पुढे काही नाही, मागे काही नाही, तोंड उघडलं की नाव संपलं पाहिजे. शेजारपाजारच्यांना वाटलं, नवीन टूम आहे. तुम्हाला कारण सांगायला नको, पण न सांगता राहवत नाही हा माझा रोग तुम्हाला ठाऊकच आहे. ती लहानपणापासून अडखळते हे तुम्ही बघितलंय, पण अडखळते तेव्हा कशी निसटते हे रोज मी बघतो. ‘शेजारीण’ अडली की ‘पलीकडची’ म्हणते. ‘किल्ली’ अडली की ‘कुलपाचं ते’ म्हणते. शब्द समोर आडवा उभा राहिला की ही बाई मागच्या दाराने बाहेर पडून पुढे गेलेली असते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, किती मोजकं बोलते! पण नावाला मागचं दार नसतं, दादा. माझं नाव तिला अडतं म्हणून मी लग्नापासून ‘अहो’ आहे. (लोक म्हणतात, आजच्या काळात इतकी मर्यादा! मी मान खाली घालून कौतुक घेतो.) नवऱ्याचं ठीक, पण पोटच्या मुलीला जन्मभर नुसतं ‘अगं’ म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची, एवढंच तिला हवं होतं. लांब नाव म्हणजे लांब जिना, प्रत्येक पायरीवर ठेच लागणार, एकच पायरी असली तर डोळे मिटून उडी मारता येते, असं तिचं म्हणणं.

(थांबा. फलाट तीनवर गाडी लागली. ... आलो. गाडी दोनवर लागली होती. असो.)

आता आमच्या मातोश्री. जन्मभर शाळेत हजेरी घेतलेली बाई. त्यांच्या मते नावाने तोंड भरलं पाहिजे. त्यांनी सुचवलेली नावं ऐका: मंदारमालिनी, हिरण्मयी, शुभ्रवसना. शुभ्रवसना म्हणेपर्यंत मूल रांगत रस्त्यावर पोचेल. एका दमाचं नाव हवं म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ‘ते नाव की शिंक?’ एवढंच विचारलं. मनात खोट नाही हो त्यांच्या. सुनेला अडखळताना पाहून त्याच आधी कासावीस होतात. पण नातीचं नाव पुकारलं की वर्गाने वळून बघावं, हे त्यांचं इतक्या वर्षांचं स्वप्न, ते एका अक्षरात कसं बसवणार?

मी कामाला लागलो. ड्रायव्हर, कंडक्टर, कॅन्टीनवाला, सगळ्यांना कामाला लावलं. पहिलं नाव आणलं ‘श्री’. मातोश्री म्हणाल्या, हे तर नावाच्या आधी लिहितात, पुढचं लिहायला विसरलात काय? आणि तुमच्या बहिणीचा ‘श’ सुटला तो कुकरची वाफ निघावी तसा निघतच राहिला, शेवटी तिलाच हसू फुटलं. मग ‘धी’. धी म्हणजे बुद्धी हे कळल्यावर मातोश्री विरघळल्या, पण ‘ध’वर ही अशी अडली की वरच्या मजल्यावरचे लोक, दार ठोकतंय कोण, म्हणून बघायला खाली आले. मग एका ड्रायव्हरने त्याच्या भाचीचं नाव सांगितलं, ‘मी’. आम्ही एक संध्याकाळ वापरून पाहिलं. माझ्या हातून कप फुटला. कोणी फोडला, असं मातोश्रींनी आतून विचारलं. मी इमानदारीत ‘मी’ म्हणालो. तर त्या तणतणत बाहेर आल्या, की एवढ्याशा लेकरावर ढकलताना लाज नाही वाटत?

शेवटी तुमच्या बहिणीनेच शोध लावला की तिला स्वर अडत नाहीत. मग आम्ही बाराखडीच्या वरच्या अंगणात शिरलो. ‘आ’ म्हटलं की घशाचा डॉक्टर आठवतो. ‘ई’ म्हटलं की झुरळ. ‘ए’ म्हणजे भांडणाची सुरुवात. ‘ऊ’वर मातोश्रींनी फक्त डोकं खाजवलं. राहता राहिला ‘ओ’. आणि तो, दादा, तिच्या तोंडातून इतका गोल, इतका सरळ बाहेर पडला की तिने तो लागोपाठ चार वेळा म्हणून पाहिला. मला तर अर्थही फार आवडला. आपण हाकेला ओ देतो, इथे हाकच ‘ओ’, म्हणजे प्रश्नातच उत्तर! मातोश्रींनी मौन धरलं. ते रात्रीच्या जेवणापर्यंत टिकलं, हे त्यांच्या मानाने पुष्कळ झालं.

घोटाळा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. आपल्याकडे कुणी कुणाला ‘ओ’ म्हणत नाही? ओ ताई, सुट्टे द्या. ओ काका, सरका जरा. तुमची बहीण प्रत्येक वेळी दचकून बाळाकडे बघायची. मी फलाटावरून चाललो की मागून कुणीतरी ‘ओ भोंगा’ म्हणायचं आणि मला वाटायचं, बाळाचं नाव माझ्यासकट घेतलं. तरी आम्ही रेटत होतो. मग बाळाला लस द्यायची तारीख आली आणि आमचं सगळं लटांबर दवाखान्यात पोचलं.

खिडकीतल्या बाईंनी मला बाळाचं नाव विचारलं. मी म्हणालो, ओ. त्या म्हणाल्या, अहो, तुम्हालाच विचारतेय, नाव काय? मी म्हणालो, ओ. त्या म्हणाल्या, ऐकू येतंय ना, मग सांगा की! मी पुन्हा, ओ. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी बाईंनी सुस्कारा टाकला आणि शेजारच्या बाईंना माझ्यादेखत सांगितलं, यांना ऐकू कमी येतं, घरातलं दुसरं कुणी आलंय का बघ. (ज्याचा आवाज फाटकापर्यंत जातो तो बहिरा! ही बातमी स्थानकावर पोचू देऊ नका.)

आता जे झालं ते नीट ऐका. मी खिडकीशी अडकलेला. बाळ बाकावर मातोश्रींच्या मांडीवर. तुमची बहीण हात धुवायला गेली. तेवढ्यात हॉलमधली दहा-बारा मुलं एकदम रडायला लागली, म्हणून मातोश्री बाळाला घेऊन मागच्या व्हरांड्यात झाडं दाखवायला गेल्या. सांगून गेल्या, पण मला. आणि तिथे बहिरा ठरलेल्या मला ते खरंच ऐकू आलं नाही. तुमची बहीण परत आली तर बाकावर नुसतं दुपटं. मी तिचा चेहरा बघितला, दादा, आणि माझा, या भोंग्याचा, आवाज गेला. तोंड उघडलं, काही बाहेर येईना. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि जन्मात कधी चारचौघांत आवाज न चढवलेली तुमची बहीण ओरडली, ‘ओ!’ (एवढंसं मूल हाकेला काय उत्तर देणार, असं तुम्ही म्हणाल. हाक मारताना कुणी हा विचार करत नाही.)

सगळा हॉल म्हणाला, ‘ओ?’

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, दारावरचा रखवालदार म्हणाला, आतून डॉक्टरही म्हणाले. ती पुन्हा ओरडली. पुन्हा सगळे, ओ, ओ, काय झालं? मग ती म्हणायला लागली, माझी मु... मु... मु... आणि तिथे शब्द आडवा पडला. मागचं दार नव्हतं. सगळे उभे. कुणी शब्द पुरा केला नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही, आणि मी पुरा केला असता तर मला आवाज नव्हता. ती झगडली, मान हलवली, डोळे मिटले आणि ‘मुलगी’ असं खणखणीत म्हणाली. त्याच क्षणी मातोश्री बाळाला कडेवर घेऊन आत आल्या. ‘काय गं, इथेच तर होतो आम्ही.’ अख्ख्या हॉलने एकदम हुश्श केलं. मी कुणाच्या तरी पिशवीवर बसलो होतो, ते मला पिशवीवाल्याने सांगितलं.

लस झाली, बाळ रडलं, आम्ही बाहेर पडलो. तुमची बहीण दुपट्याची घडी घालत चालत होती. मग म्हणाली, ‘ओ नको. एकीला बोलावलं की गाव येतं.’ मातोश्रींनी शुभ्रवसना म्हणण्यासाठी तोंड उघडलं, पण हिने हात वर केला. मनात एक नाव पहिल्या दिवसापासून आहे, म्हणाली, पण ते ‘ग’ने सुरू होतं आणि ‘ग’ तिचा सगळ्यात मोठा वैरी, म्हणून सोडून दिलं होतं. मग तीन वेळा अडकून तिने ते सांगितलं: गाज. मी शहाण्याने लगेच विचारलं, अगं, अडकशील ना रोज? तर म्हणाली, ‘अडकले तर अडकले. थांबेल ती. तिला कुठं गाडी पकडायचीय?’

ज्याचा जन्म लोकांना गाड्या पकडायला लावण्यात गेला त्याने यावर काय बोलावं? मातोश्रींनी मात्र चालता चालता बोटांवर मोजलं. गा आणि ज, दोन अक्षरं! म्हणजे त्या जिंकल्या. तुमच्या बहिणीने म्हणून दाखवलं, तोंडात एकच. म्हणजे ती जिंकली. कागदावर दोन, जिभेवर एक. दोघी आपापल्या विजयात मश्गूल आहेत आणि मी पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलंय. (आणि भोंग्याची मुलगी गाज! स्थानकावर हे नाव कळल्यावर माझं काय होईल, याची कल्पना करा.)

आता खिडकीचं. फोन हा तिचा दुसरा वैरी. समोरचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करतो, मग शब्द पुरा करतो, मग ठेवून देतो. तुम्ही एकटे असे आहात की ती अडली तर नुसते थांबता. तेव्हा तुमच्या त्या न लागणाऱ्या खिडकीतून समुद्राचा आवाज येत राहतो. ती म्हणते, कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय, याचा आवाज तसा असतो. म्हणून गाज.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गाडी लागली.

तुमचा,
भोंगा

ता. क. : पत्र पुन्हा वाचलं आणि घाम फुटला. ‘नाव दादाला फोनवर मी स्वतः सांगणार, तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही,’ अशी तिने मला शपथ घातली होती. मी एक नाही, दोन्ही अक्षरं बोलून बसलोय. तेव्हा पत्र फाडून टाका. रविवारी सकाळी तिचा फोन येईल. तुम्हाला काहीही माहीत नाही. दवाखान्याचंही नाही. नाव ऐकून चकित व्हा, पण फार नको, तुमचा अभिनय वाईट आहे.

ता. क. २ : खरी विनंती ही. ती ‘ग’वर अडकेल. कितीही वेळ लागला तरी ‘ग’च्या पुढचं ‘आज’ तुमच्या तोंडून निघू देऊ नका. आणि फोन खिडकीजवळ धरा.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार होतो, पण एक राहिलं. आज सकाळी निघताना ती स्वयंपाकघरात सराव करत होती. ग... ग... ग... बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं, हलत नव्हतं. शेवटी नाव बाहेर आलं. आणि बाळ म्हणालं, ‘ओ.’