मधला चार्ज

२ मार्च, रविवार
रायफल रेंजवर. तीनशे यार्ड. वारा कमी, थंडी मरणाची. घरी भरलेली काडतुसं नेली होती: पावडरचे पाच चार्ज, म्हणजे पाच वेगळी मापं, प्रत्येकी तीन. पायरी ०.२ ग्रेनची, सगळे पुस्तकातल्या मर्यादेच्या आत. चौथ्याला तिन्ही गोळ्या एकाच भोकात! नाचायचंच बाकी होतं. शेजारच्या मॅटवर नेहमीप्रमाणे डेरेक. सत्तरी उलटली, मला हे सगळं त्यानेच शिकवलं. म्हणाला, तेच परत भरून आण, मग बोलू.

५ मार्च, बुधवार
ऑफिसात नोकरकपातीची यादी अजून नाही. विमानांच्या पंखांची गणितं करायला ब्रिस्टलमध्ये किती माणसं लागतात, ते आता वरचे ठरवणार. दिवसभर इमेल रिफ्रेश.
संध्याकाळी गॅरेजमध्ये भरायला बसले. दोनदा केलेलं वजन तिसऱ्यांदा केलं. चौथ्यांदा… उठले. अशा मनाने पावडरला हात लावायचा नाही. शनिवारी बघू.

९ मार्च, रविवार
चौथा चार्ज परत. भोक नाही. तीन गोळ्या तीन दिशांना.
डेरेकने दोन्ही आठवड्यांचे कागद जवळजवळ ठेवले. पहिला, दुसरा, तिसरा चार्ज एकाच उंचीवर. पाचवा एकदम वर उडालेला. म्हणाला, "तू भोक किती बारीक ते बघतेस. शेजारचे चार्ज कुठे पडतात ते बघ. या तिघांतला मधला, दुसरा घे. वजनात जरा चूक झाली, ऊन वाढलं, तरी तो सांभाळून घेईल."
दुसऱ्याच्या तीन गोळ्या अडीच इंचांत पसरलेल्या. पटलं. आवडलं नाही.

१२ मार्च, बुधवार
फायरआर्म सर्टिफिकेटच्या, म्हणजे पोलिसांकडच्या बंदूक परवान्याच्या, रिन्यूअलचा फॉर्म उघडला. नैराश्य, अँग्झायटी, कसले उपचार? होय / नाही.
जानेवारीपासून रोज सकाळी एक गोळी. नवऱ्याला, मिलिंदला माहीत, डॉक्टरला माहीत, बाकी कुणाला नाही. डॉक्टरकडून पोलिसांना कळणारच. तरी बोट 'नाही'वर गेलं. लॅपटॉप मिटला.

१६ मार्च, रविवार
स्लाऊला विहारात. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, जीभ अडखळली. नंतर गायकवाड काकांचा ठरलेला प्रश्न, पंचशील घेतेस आणि बंदूक ठेवतेस? कागदावरच मारते काका, हे माझं ठरलेलं उत्तर आज टाळून मी चपला शोधू लागले. मिलिंदने विषय बदलला.
परतताना M4 हायवेवर त्याला फॉर्मचं सांगितलं. 'होय' लिहिलं तर रायफल जाईल, मॅच एप्रिलात, सात वर्षांची मेहनत… स्विंडन आल्यावर मि.ने विचारलं.
"वैशाली, रायफल जाईल याची भीती आहे, की गोळ्यांची लाज?"
दोन्ही, म्हटलं.
"भीती राहू दे. लाज कशाला?"

१७ मार्च, सोमवार
होय. गोळीचं नाव, डोस, कधीपासून. पाठवला.

२३ मार्च, रविवार
दुसऱ्या चार्जची वीस काडतुसं. दहा गारठ्यात, दहा दुपारी ऊन आल्यावर. पाच मुद्दाम ०.१ने कमीजास्त भरली होती. कागदावर कुठली ती ओळखू येईनात. वीसच्या वीस बशीएवढ्या जागेत.
आनंद व्हायला हवा होता. झाला, पण दहा मिनिटं.
डेरेकला रोजच्या औषधाच्या गोळ्यांचं सांगून टाकलं. तो स्कोप पुसत राहिला. मग म्हणाला, बायको गेली तेव्हा त्याने आपल्या रायफली आपणहून बंदुकांच्या डीलरकडे ठेवल्या होत्या. दीड वर्ष.
"कधी बोलला नाहीस."
"तू तरी कुठे बोललीस?"

२६ मार्च, बुधवार
पोलिसांच्या लायसन्सिंगमधून एका बाईंचा फोन. आवाज बरा होता. सोमवारी सकाळी दहाला घरी येणार, बोलणार. तोपर्यंत रायफल डीलरकडे ठेवाल का, सक्ती नाही. हो म्हटलं.
दुपारी मि.ने गाडी काढली. रायफल, उरलेली काडतुसं, सगळं दिलं. पावती पर्समध्ये.
घरी येऊन रिकाम्या कपाटाला कुलूप लावलं. का, कोण जाणे.
मि. विचारतो, बाईंना चहा विचारायचा ना? विचारायचाच.
मॅचमधून नाव काढायची मुदत शुक्रवारपर्यंत. अजून काढलेलं नाही.