इन्स्पेक्टर नंबर सत्तावीस

२२ डिसेंबर २०२४, व्हाइटफील्ड, बंगलोर

बॅगा भरून झाल्या. माझ्या बॅगेतला चकल्यांचा डबा श्वेताने दोनदा बाहेर काढला. मी तीनदा आत ठेवला.

उद्या दुपारी निघायचं. इटलीतलं जेनोवा, समुद्रकाठचं गाव. अभिराजच्या ऑफिसला नाताळात सुट्टी असते. ऑगस्टमध्ये तो म्हणाला, "आई, तू पण चल." बरं वाटलं. मग एके दिवशी श्वेता फोनवर बहिणीशी बोलत होती — "आई आहेत ना बरोबर, प्रांजलीचं टेन्शन नाही. आम्हाला दोघांना जरा फिरता येईल." सून चुकीचं काही बोलली नाही. हे गेले तेव्हापासून, चार वर्षं, नातीला मीच बघते. कुणाला बोलून दाखवणार नाही, म्हणून इथे लिहिलं. संपलं.

२४ डिसेंबर, जेनोवा

पोचलो. दोन विमानं, एक आगगाडी. भाड्याचं घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौऱ्याण्णव पायऱ्या.

२५ डिसेंबर

सगळं बंद. गल्ल्या इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्हीकडे भिंती लागतात. वर आभाळाची एक पट्टी, तिच्यात लोकांचे पायजमे वाळत घातलेले. अभिराज आणि श्वेता समुद्रावर जाऊन आले. आम्ही दोघी पत्ते खेळलो. प्रांजली लबाडी करते आणि पकडली की मलाच रागावते.

२७ डिसेंबर

आज काय झालं ते नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी अभिराज आणि श्वेता चित्रं बघायला गेले. प्रांजलीला चित्रं नकोत, म्हणून आम्ही दोघी बंदराकडे निघालो. वाटेत एका दुकानात हरभऱ्याच्या पिठाचं जाड धिरडं खाल्लं, भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. मी दुकानदाराला म्हटलं, "मीठ स्वल्प कमी आहे." प्रांजलीने त्याचं भाषांतर करायला नकार दिला.

पुढच्या गल्लीत आवाज आला. मी थांबले. लेथचा, धातू कातायच्या मशीनचा आवाज. आणि कुठल्याही लेथचा नाही. आमच्या कारखान्यातल्या मशीनचा गिअरबॉक्स दुसऱ्या स्पीडला थोडा घुमतो, खालच्या पट्टीत. वीस वर्षं तो आवाज रोज आठ तास ऐकला. मी प्रांजलीचा हात धरून त्या दारात गेले.

आत कमानीखाली छोटा कारखाना. बोटींचे पितळी भाग करतात. निळ्या कोटातला एक म्हातारा, सत्तरीचा असेल. आणि मधोमध मशीन. आमचा तो राखाडी-हिरवा रंग, बऱ्याच ठिकाणी उडालेला. पुढच्या पाटीवर इंग्रजीत — बंगलोर, इंडिया. साल अठ्ठ्याऐंशी.

आमच्या सरकारी कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होते. निपाणीहून डिप्लोमा करून आलेली, त्या सेक्शनमध्ये एकटी बाई. मशीन तयार झालं की आम्ही तपासायचं. शंभर ठिकाणी मोजायचं. सगळं बरोबर असेल तर बेडच्या, म्हणजे मशीनच्या लांब ओतीव बैठकीच्या टोकाला, खालच्या अंगाला, आपल्या नंबरचा पंच मारायचा. तो शिक्का नसेल तर मशीन गेटबाहेर जात नसे. आम्ही चौघं होतो. माझा नंबर सत्तावीस.

मी त्या माणसाला काही न विचारता खाली गुडघ्यावर बसले. पदराने तेल पुसलं.

२७.

"अज्जी, ऊठ ना," प्रांजली कुजबुजली. "ते अंकल बघतायत."

मी म्हटलं, "त्यांना सांग, हे मशीन मी पास केलंय."

तिने फोनवर टाईप करून फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. परत वाचलं. चष्मा काढला आणि फोनमध्ये काहीतरी बोलले. फोनने त्याच्या त्या सपाट आवाजात सांगितलं — "मॅडम, तुम्हाला उशीर झाला. दोन तारखेला हे भंगारात जाणार आहे."

त्यांचं नाव परोडी. कारखाना वडिलांचा. मशीन छत्तीस वर्षं चाललं, पण महिन्याभरापासून त्यावर कातलेला भाग एका टोकाला बारीक येतो. वीस सेंटिमीटरच्या दांड्यावर पाच शतांश मिलिमीटरचा फरक. बोटीच्या भागाला ते चालत नाही. बेड झिजला, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, कधीपासून? नोव्हेंबरपासून. नोव्हेंबरात काय केलं? भिंतीला ओल आली म्हणून मशीन सरकवलं.

एका महिन्यात बेड झिजत नाही. बेड पिळला गेलाय. कुठला तरी पाय नीट टेकत नाही.

मी सांगितलं, परवा येते. अर्धा दिवस द्या.

ते काही वेळ माझ्या साडीकडे, स्वेटरकडे, पायातल्या बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोमवार. आठ वाजता."

२८ डिसेंबर

घरात वादावादी. सोमवारी म्हणजे तीस तारखेला सगळ्यांनी आगगाडीने पुढच्या एका गावाला जायचं ठरलंय.

अभिराज म्हणाला, "आई, आपण सुट्टीवर आलोय. अनोळखी माणसाच्या वर्कशॉपमध्ये तू काय करणार?"

"लेव्हलिंग."

"तुला नोकरी सोडून बावीस वर्षं झाली. हातबित अडकला तर? आणि त्याचं अजून काही बिघडलं तर जबाबदार कोण?"

मी म्हटलं, "मी. शिक्का माझा आहे."

"म्हणजे काय?"

तेव्हा लक्षात आलं, ह्याला माहीतच नाही. आई कारखान्यात जायची, एवढंच त्याला माहीत. स्टोअरमध्ये बसून नोंदी करत असेल, असं त्याला वाटायचं. त्याने तसं सांगितलंही. त्याच्या दहावीच्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. कारखान्यातही कामं कमी झाली होती. सगळ्यांना मी सांगितलं की कंटाळा आला. शेवटच्या दिवशी तो पंच टेबलावर ठेवून सही केली, आणि घरी येऊन भात लावला. त्यानंतर कुणी कधी विचारलं नाही की तिथे तू नक्की काय करायचीस. मीही सांगितलं नाही. चूक दोन्हीकडची.

अभिराजला पटलेलं नव्हतं.

"मग प्रांजलीचं काय?" त्याने विचारलं.

श्वेता म्हणाली, "आपली मुलगी आहे. आपण नेऊ."

प्रांजली म्हणाली, "मी अज्जीबरोबर. भाषांतर कोण करणार?"

३० डिसेंबर

हरले आज.

परोडींकडे लाकडी पेटीत जुनी लेव्हल होती, बुडबुड्याची पाणसळ, चांगली जपलेली. हेडस्टॉककडे, म्हणजे डाव्या टोकाला, बेडवर आडवी ठेवली — बुडबुडा मध्यावर. टेलस्टॉककडे, उजव्या टोकाला नेली — बुडबुडा तीन रेघा मागे. जे वाटलं होतं तेच. मागचा उजवा पाय लोंबकळत होता. बोल्ट पाव फेरा, परत लेव्हल, परत पाव फेरा. गुडघे, कंबर, सगळं ओरडत होतं. अकराला दोन्ही टोकं सारखी आली. दांडा लावला, कातला, मोजला. फरक पाचवरून एकवर. परोडींनी टाळी वाजवली.

जेवून आलो. सहज म्हणून परत लेव्हल ठेवली, तर बुडबुडा सरकलेला. दुसरा दांडा कातला — फरक चार.

परोडींनी खांदे उडवले. फोनमधून म्हणाले, "तुम्ही प्रयत्न केलात, सिन्योरा विमला." इतक्या सौजन्याने म्हणाले की त्याचाच राग आला.

त्या सगळ्या पायऱ्या चढताना प्रांजली माझी पिशवी घेऊन पुढे होती. अभिराज परतला, माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता पाणी गरम करून दिलं. ते जास्त लागलं.

३१ डिसेंबर

सकाळी चहा करताना कळलं. बोल्ट ढिला झाला नव्हता, मी लॉकनट स्वतः आवळले होते. मग सरकलं काय? खालची फरशी.

आठला प्रांजलीला घेऊन परोडींच्या दारात. त्यांना वाटलं मी निरोप घ्यायला आले. मी हातोडी मागितली. मागच्या उजव्या पायाखालची फरशी ठोकली — पोकळ. शेजारची ठोकली — भरीव. ओलीने खालची माती गेलेली. मशीनचं वजन पडलं की ती फरशी हळूहळू बसते, आणि तिच्याबरोबर बेड पिळतो. बिघाड मशीनमध्ये नव्हताच. कधीच नव्हता.

परोडींनी स्वतः हातोडी घेऊन ती फरशी ठोकली. मग आत जाऊन ओरडून पुतण्याला फोन केला. पुतण्या आला, दोघांनी जॅक लावून पाय उचलला, फरशी काढली, खाली दाबून सिमेंटचा लवकर सुकणारा माल भरला, वर बोटाएवढी जाड पोलादी पाटी. माल सुकायला दुपार झाली. आम्ही चकल्या खाल्ल्या. पुतण्याने नऊ खाल्ल्या.

तीनला मी परत लेव्हल घेऊन बसले. ह्यावेळी घाई केली नाही. पाव फेऱ्याचाही अर्धा. हेडस्टॉक, टेलस्टॉक, परत हेडस्टॉक. बावीस वर्षांत बोटं काही विसरली नव्हती.

तेवढ्यात दारात अभिराज आणि श्वेता. किती वेळ उभे होते माहीत नाही. मी जमिनीवर, पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत काळं. अभिराज आत आला नाही. मला वाटलं, आता म्हणेल चल.

म्हणाला, "आई, मी काही धरू का?"

"टॉर्च धर. हलवू नको."

त्याने धरला. हलवला नाही.

साडेचारला दांडा कातला. परोडींनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. मी पहिलं टोक मोजलं, दुसरं मोजलं, मग मायक्रोमीटर प्रांजलीला दिला आणि वाचायला लावलं. तिने दोन्ही मापं वाचली. "सेम आहे," ती म्हणाली. "अज्जी, एकदम सेम!"

एक तास थांबून परत मोजलं. सेम.

परोडींनी भंगारवाल्याला फोन केला. काय बोलले ते फोनने भाषांतर केलं नाही, पण पुतण्या हसला. मग त्यांनी कपाटातून आकड्यांच्या पंचांची पेटी काढली. दोन आणि सात शोधून माझ्यापुढे ठेवले आणि बेडच्या टोकाकडे बोट दाखवलं.

मी अभिराजकडे बघितलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस? तुझं मशीन आहे."

दोन घाव. जुन्या सत्तावीसच्या शेजारी नवा सत्तावीस. जरा वाकडा आलाय, पण खोल आहे.

येताना श्वेताने माझा हात धरला. म्हणाली, "आई, तुम्ही कधी बोलला का नाहीत?" मी म्हटलं, "विषय निघाला नाही." ती हसली, मग नाही हसली.

१ जानेवारी २०२५

सगळे समुद्रावर. वारा सुरीसारखा. मी पाय पाण्यात घातले. थंडगार! आज कुणी कुणाला सांभाळत नव्हतं.

७ जानेवारी, व्हाइटफील्ड

परत. कपडे, भांडी, प्रांजलीचा डबा. अभिराजने ऑफिसात चौघांना सांगितलं म्हणे. कॉम्प्लेक्समधल्या भव्याला श्वेताने लिफ्टमध्ये सगळी हकिकत सांगितली, मशीनच्या पायासकट. चुकीची सांगितली. मी दुरुस्त केली.

पण डबा भरताना मन दुसरीकडे आहे.

१० जानेवारी

प्रांजली शाळेत गेल्यावर आज आनेकलला गेले. मेट्रो, मग बस. कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या बऱ्याच जणांनी तिकडे छोटे कारखाने काढले होते. कुणी ओळखीचं भेटेल असं वाटलं. कुणी नाही. पहिल्या दोन गेटांवरून परत पाठवलं. तिसऱ्या गेटवरचा रखवालदार कन्नडमध्ये म्हणाला, "अज्जी, कॅन्टीनचं काम बघताय का?"

"नाही अण्णा. मालकांना सांगा, इन्स्पेक्टर आलेय."

त्याला काय वाटलं कोण जाणे, धावत आत गेला. मालकीण आली. कावेरी, पस्तिशीची. सरकारी इन्स्पेक्टर समजून घाबरून आली होती. खरं सांगितल्यावर आधी चिडली, मग हसली, मग मला आत नेलं. पंपाचे भाग करतात. पंधरा मुली मशीनवर, आणि तपासणीला कुणी धड नाही, माल परत येतो. तिने एका ट्रेमध्ये दहा नग ठेवले आणि मायक्रोमीटर दिला. म्हणाली, "ह्यात दोन खराब आहेत."

मी तीन काढले.

तिने तिसरा स्वतः मोजला. दोनदा. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाली. फोन नंबर लिहून घेतला.

१८ जानेवारी

कावेरीचा फोन आला. सोमवारपासून. मुलींना मोजमाप शिकवायचं आणि माल पास करायचा. रोजचं येणं-जाणं जमणार नाही, म्हणून आनेकलला बस स्टँडमागे एक खोली बघून आले. खिडकी पूर्वेला आहे. शनिवार-रविवार व्हाइटफील्डला येईन.

जेवताना सांगितलं. श्वेता म्हणाली, शाळेची बस मी बघते. अभिराज बराच वेळ भात कालवत राहिला.

"किती दिवस, आई?"

म्हटलं, "नोकरी आहे रे. किती दिवस काय?"