पंपाचा काय दोष

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पंपाने आज मान टाकली! चहाचं भांडं नळाखाली धरलं — नळ खोकला, दोनदा थुंकला, गप्प. घराखालच्या टाकीत पंप नुसता घुरघुरतोय. पाण्यात बुडून राहायचं, एवढंच ज्याचं काम, त्याला तेही जड झालं.

वेळ तरी काय साधली! शनिवारी आयव्ही इस्पितळातून सुटायची. गेल्या महिन्यात स्वयंपाकघराच्या पायरीवरून पडली, खुबा मोडला. नर्सबाईंनी मला बजावलंय — घरात नळाला पाणी असेल तरच पाठवू, नाहीतर तिच्या बहिणीकडे. बहीण म्हणजे ओरिएल, बेटाच्या पार त्या टोकाला, सॉमरसेटला. तिच्याकडे उसनी गेलेली परडी परत येत नाही, बायको कुठली यायला!

आयव्हीला फोनवर सांगितलं. म्हणाली, "पंपाला तुझा गुण लागला. आवाज भरपूर, काम उद्या."

पावसाचं पाणी टाकीत स्वच्छ उतरावं म्हणून छताला चुना लावतात; तेच मी ईस्टरपासून उद्यावर ढकलतोय. त्याचा हा घरचा आहेर.

१५ ऑक्टोबर, बुधवार

शेजारचा एर्स्किन आला. दोर धरून दोघांनी पंप टाकीतून वर ओढला — दोन म्हाताऱ्यांनी विहिरीतला रेडा काढावा तसा! जाळी साफ. झडप ठीक. वायर ठीक. बोटीच्या इंजिनांत जन्म गेला माझा, शिकवलं कुणी नाही, पण यंत्राची नाडी कळते. पिंपभर पाण्यात बुडवून चालू केला — असा उसळला की एर्स्किनची टोपी उडाली, इस्त्रीचा शर्ट चिंब.

"अल्व्हा, रविवारची आंघोळ आजच घातलीस की रे!"

"घे उरकून. रविवारी तरी कुठे करतोस?"

परत टाकीत सोडला. पुन्हा घुरघुर! पिंपात वाघ, टाकीत मांजर.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पंप पुन्हा ओढला. आज डोकं चाललं — दोर बघितला. वीतभरच ओला! टाकी जवळजवळ कोरडी. पंप बिचारा पाण्याऐवजी वारा पीत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी!

पण गेले कितीतरी दिवस पाऊस कोसळतोय. छतावरचा थेंब न् थेंब टाकीत उतरायला हवा. गेला कुठे? टाकीला तडा? तडा असला तर शनिवार हातचा गेला. ट्रकवाल्याचं विकतचं पाणी ओतलं तरी तेही झिरपणार — आणि विकतचं पाणी या घराने माझ्या वडिलांपासून पाहिलेलं नाही.

एर्स्किनला म्हटलं, आधी छत बघू. तो एकदम उसळला. "छतावर काय पंप ठेवलाय? गुडघे बघ तुझे, म्हणे छत बघू!" शिडी शोधली, जागेवर नाही. म्हणतो, "वाऱ्याने गेली असेल." शिडी! वाऱ्याने! नजरेला नजर देईना.

आयव्हीचा फोन. ओरिएलने खोली झाडून ठेवलीय, नवे पडदेही लावलेत. मी टोमण्याची वाट बघत होतो. ती हळूच म्हणाली, "मला आपल्या घरी यायचंय रे."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शिडी सापडली. एर्स्किनच्या कुंपणामागे! पायऱ्यांवर चुन्याचे शिंतोडे. आणून भिंतीला टेकवली, एर्स्किनला हाक मारली. त्याने शिडी धरली, मी गुडघ्यांना शिव्या देत चढलो.

मागचा उतार अंगणातून दिसत नाही. अर्धा पांढराशुभ्र. अर्धा जुनाच, मळका. मध्ये बादली, तिच्यात ब्रश वाळून दगड झालेला. आणि पाणी टाकीत उतरतं ते भोक बोळ्याने गच्च! चुना टाकीत जाऊ नये म्हणून आपण सगळेच बोळा घालतो, काम संपलं की काढतो. इथे काढायला कुणी उरलंच नव्हतं. पाऊस सगळा कडेवरून अंगणात वाहून गेलेला.

बोळा ओढला. आयव्हीचे चर्चला जायचे मोजे. गाठही तिचीच.

खाली बघितलं. एर्स्किन टोपी काढून उभा.

"तिने शपथ घातली होती रे. तू मासे धरायला गेला होतास. हाक ऐकून मी धावलो, तर ही शिडीच्या पायथ्याशी पडलेली. कण्हत होती, तरी म्हणाली — पायरीवरून पडले म्हणून सांगायचं. नाहीतर तो जन्मभर स्वतःला दोष देत बसेल."

उतरायला मला फार वेळ लागला.

एर्स्किनने न विचारता स्वतःच्या टाकीतून आमच्या टाकीत नळी सोडली. शेजाऱ्याचं पाणी विकतचं नव्हे! दुपारनंतर पाऊसही आला, धो धो टाकीत उतरला. पंप लावला. नळातून अशी धार, की भांडं हातातून सुटलं.

पंपाची माफी मागितली. एकाची तरी मागता आली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आयव्ही घरी आली. आधी नळ सोडला, धारेखाली हात धरून उभी राहिली. मग काठीने स्वयंपाकघराच्या पायरीला टोला दिला — "हीच ती मेली! हिनेच पाडलं मला. नीट करून घे हिला."

"आजच करतो," म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी सिमेंट कालवलं, आणि धडधाकट पायरी दुरुस्त करायला बसलो.