सुकलेले मणी

६ मार्च, राजुरी
आज साहेब आले, सोबत मुलगा. अर्धांगवायूनंतर साहेबांची जीभ जड झालीय, शब्द ओढून काढावा लागतो. मुलगाच बोलला, "यंदा गोड वाईन जमली नाही, तर या दोन एकरांत टोमॅटो." साहेबांनी हातानं लावलेले वेल. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "जमंल साहेब." लई मोठ्या तोंडानं.

१४ मार्च
घड वेलीवरच वाळवतोय. पाणी उडतं, साखर उरते. निम्मे मणी तपकिरी, चिकट. साखरेच्या मीटरवर २७! रस्त्यानं जाणारे हसतात, "राव, द्राक्षं वाळून चालली की!" हसा लेको. आणखी पाच दिवस.

१६ मार्च
दोन दिवस कळंबला, मेव्हणीच्या पोरीचं लग्न. ओतूरच्या बायकांची टोळी पहिल्यांदाच या प्लॉटवर. मुकादम हिराबाईला गाडीत बसता बसता सांगितलं, घडातला खराब माल काढून ठेवा.

१९ मार्च
सगळं संपलं. वर घड हिरवेगार, टपोरे, पेटीत भरायला काढल्यासारखे. खाली सुकलेल्या मण्यांचा सडा, त्याला मुंग्या. हिराबाई खुशीत, "भाऊ, एक बी सुरकुतलेला मणी ठेवला न्हाई." चौदा बायका दोन दिवस कात्री घेऊन उभ्या. तोंडाला येईल ते बोललो. ती हळूच म्हणाली, "एक्स्पोर्टच्या बागंत असला मणी ऱ्हायला तर घरी पाठवत्यात आमाला. तुमी कुठं सांगितलं, ह्योच पायजेल म्हणून?"
नाही सांगितलं. लग्नाची घाई.

२० मार्च
मीटरवर १९. खालचे मणी वेचून पाहिले. माती, आंबूस वास. फेकले.
साहेबांच्या मुलाचा फोन. कुणी केलं?
"बायकांनी," म्हणालो. टोळी बंद करा म्हणाला. बरं म्हणालो.

२३ मार्च
ओतूरला गेलो, हिराबाईच्या घरी. खरं सांगायचंच म्हणून. तिनं चहा टाकला. म्हणाली, "दुसरे बागवाले बी नगं म्हणत्यात. आमी बाग नासवली म्हणं. कुणी उठवलं काय म्हाईत." चहा प्यालो, उठलो. थू माझ्या जिनगानीवर.

२६ मार्च
सकाळपासून जेसीबी. वेलांच्या चार ओळी गेल्या. साहेबांची गाडी बांधाला उभी, काच खाली. मला खुणेनं बोलावलं. कितीतरी वेळ तोंड हलत होतं, मग शब्द आले, "बायकांना... सांगितलं... व्हतंस?"
जेसीबीच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं मी. पुन्हा विचारायला त्यांना किती कष्ट पडतील, हे ठाऊक होतं मला.
त्यांनी विचारलं नाही. उद्या बंगल्यावर ये, असं हातानंच सांगितलं.