खिडकीवरचं पोतं

वाल्मीकदादा,

तू फोनवर "माहेरी ये" म्हणालास तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "बटाटे निघाले की येते," मी म्हणाले. निघाले. गार खोली माझी, म्हणून सगळे माझ्याच खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर पसरलेत. उजेडानं हिरवे पडतात म्हणून खिडकीला पोतं ठोकलंय. "सडका रोज निवडायचा. आषाढापर्यंत कुठं जायचं नाय," असं सासूबाईंनी बजावलंय.

पोत्याचा कोपरा उचलून मी रोज रस्ता बघते. आता खिडकीजवळचे बटाटे हिरवे पडलेत, चोरी उघडी पडेल. हिरवी बाजू खाली करून ठेवलेत.

हे पत्र टाकायला मला कोण जाऊ देतंय? पाल्याखालीच ठेवते. पुढच्या फोनवर मी "मजेत आहे" म्हणेन. तेव्हा न विचारता ये.

तुझी,
रोहिणी