बाकड्यावरची चौकशी

४ फेब्रुवारी, मंगळवार
शी! दिवसभर तोंड कडू आहे.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानासमोर मी गिऱ्हाइकांसाठी बाकडं टाकलं. गिऱ्हाईक उभंच राहतं, बसतात गल्लीतले रिकामे. दुपारी जालन्याकडचे दोघं आले. मागच्या गल्लीतल्या पुंजारामच्या तनुजाला मागणी घालायची आहे — "म्हणलं, आधी जरा चौकशी करावं." मी तोंड उघडायच्या आत बाकड्यावरून काकासाहेब — "पोरगी? लई चांगली! घरी यायला उशीर होतो कधीमधी. आता काय, कंपनी म्हणल्यावर चालायचंच!" आणि मिशीवरून हात फिरवला.

झालं! पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. हेल्पर होतो तेव्हापासून नुसत्या आवाजावरून मोटारीचं बेअरिंग गेलेलं ओळखतो मी. इथंही ओळखलं — गेलं स्थळ.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
नकार आला. म्हणे पत्रिका जुळत नाही. पत्रिका मागितलीच कधी यांनी?

८ फेब्रुवारी, शनिवार
द्वारकाबाई दुकानात आली, तनुजाची आई. "भाऊ, तिसरं स्थळ गेलं. माझ्या लेकराचं काय चुकलं व्हो?"

काय सांगू हिला? पोरीनं डिप्लोमा केला, चिकलठाण्यात कंपनीत क्वालिटीला लागली. सेकंड शिफ्ट असली की उशीर होणारच!

काकासाहेबाला धरलं. तर म्हणतो, "मी खोटं काय बोललो? सांग की!" खोटं असतं तर खोडून तरी काढलं असतं. शेजारचा वेल्डिंगवाला चांदपाशा म्हणाला, "उस्ताद, इनकी जुबान भी रिवाइंड कर डालो." हसलो. पण किळस काही गेली नाही. माझ्याच बाकड्यावर बसायचं, माझाच चहा प्यायचा, कुणाच्या तरी घराचं वाटोळं करायचं, आणि उठताना पँट झटकून निघायचं! वर तोंडानं "लई चांगली".

१२ फेब्रुवारी, बुधवार
बाकडं आत ओढून घेतलं. काकासाहेब — "मग म्हाताऱ्यानं बसावं कुठं?"
"घरी!"

१८ फेब्रुवारी, मंगळवार
करमाडचे पाहुणे आले. मुलगा विश्वजीत, बँकेत आहे. त्याचा बाप आणि मामा चौकशीला. या खेपेला बोलणारा मी एकटा! खुर्च्या दिल्या, स्पेशल चहा मागवला. चांगला अर्धा तास बोललो. पुंजाराम आजारी होता तेव्हा सगळा दवाखाना तनुजानं एकटीनं केला. उशीर होतो, पण कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी सोडते. कधी मोबाईलवर बोलत उभी दिसली नाही. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. "पोरगी म्हणजे सोनं, शपथेवर सांगतो!" मामा सारखा मान हलवत होता.

निदान आज तरी या दुकानातून चार चांगले शब्द बाहेर गेले. बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
नकार.

चांदपाशाचे पाहुणे आहेत करमाडला. तिथं काय बोलणं झालं ते त्यांच्याकडून त्याला कळलं. तो सांगेना, मीच खोदून विचारलं. मामा म्हणाला म्हणे — "दुकानवाला शपथा घ्यायला लागला. आम्ही इचारलं बी नव्हतं, तरी उशिराचं सांगितलं, मोबाईलचं सांगितलं. कुठंतरी पाणी मुरतंय."

हे सांगताना चांदपाशा माझ्याकडं बघत नव्हता, हातातल्या पान्याकडं बघत होता.

काकासाहेबानं दोन वाक्यांत केलं, ते मी अर्धा तास बसून केलं. थू!

२४ फेब्रुवारी, सोमवार
तनुजा आली, कामावर जाता जाता. मी म्हणालो, "पोरी, मी तर चांगलंच सांगितलं गं —"

"माहीत आहे काका." बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढून म्हणाली, "एक करा. पुढं कुणी विचारलं ना, तर सांगा — ओळखत नाही."

लहानपणी याच दुकानात बसून माझ्या मोटारींच्या पाट्यांवरचे आकडे वाचत मोठी झालेली पोर!

"बरं," म्हणालो.

१० मार्च, सोमवार
हर्सूलहून दोघं आले. तनुजाचं विचारलं. म्हणालो, ओळखत नाही. तेवढ्यात समोरून तीच बसकडं निघाली. म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं, "हीच का ती?"

मोटारीतून डोकं वर न काढता म्हणालो — असेल.