फुकटच्या सायकलीचा खर्च

मनवेलपाडा, विरार पूर्व
(तिसरा मजला, लिफ्ट आहे, चालत नाही)

आगाशीच्या वाडीचे राखणदार आणि माझे एकुलते एक दीर हरेश्वर भाऊजी यांस,

धोंडूवहिनीचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. नमस्कार तुम्ही सासरचं माणूस म्हणून, आणि आशीर्वाद अशासाठी की मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या चड्डीची नाडी बांधून द्यायचं काम माझ्याकडे होतं. तुमचा गुडघा कसा आहे? आशालताचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर आता तिला तुम्ही स्वच्छ दिसत असाल, ते तिने फार मनाला लावून घेऊ नये असं माझ्यातर्फे सांगा. आम्ही इकडे सगळी खुशाल. पत्र नात अश्लेषा लिहिते आहे. मी बोलते आणि ती सुधारते. मी पानी म्हटलं की ती पाणी लिहिते, आणि शिवी दिली की लेखणी थांबवून माझ्याकडे बघते. त्यामुळे पत्रात जिथे उगाच मोकळी जागा दिसेल तिथे काय आहे ते तुम्ही समजून घ्या. फोन का केला नाही म्हणाल, तर या दोन खोल्यांत फोन सगळ्यांना ऐकू येतो. पत्र बिचारं जो उघडेल त्याच्याशीच बोलतं.

आधी उपकार मानते, कारण ते बरेच दिवस राहिलेत. दिवाळीत माझा परेश तुमच्याकडे वाडी बिल्डरला देऊन टाकायचा कागद घेऊन आला होता. तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. त्याला चहा पाजलात, त्याच्या पोटाकडे बघितलंत, डॉक्टरने साखर सांगितली आहे हे त्याच्याकडून काढून घेतलंत, आणि पडवीतून ह्यांची जुनी लोखंडी सायकल ओढून आणलीत. (तुमच्या दादाची सायकल. तिच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून त्यावर परेशला बसवून हे शाळेत सोडायचे.) आणि म्हणालात, ही चालवत घरी जा, साखर उतरली की सायकल जशीच्या तशी परत आणून दे, त्या दिवशी सही घे. भाऊजी, माणसाला फुकट काही देऊ नये. फुकटासारखं महाग दुसरं काही नाही.

त्या दिवशी तो उड्डाणपूल चढून घरी आला आणि जिन्यातच आडवा झाला. शेजारच्या बाईने पंख्याच्या जागी पेपर घेऊन वारा घातला. मला वाटलं सायकलीचं खूळ संपलं, आता कागदाचं सुरू होईल. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बघते तर हा मोजे घालतोय. महिनाभराने म्हणाला, आई, ही सायकल फार जड आहे. म्हटलं, बाबा रे, सायकल तेवढीच आहे, तिच्यावरचं बघ. तर त्याने तुळिंजला जाऊन नवी आणली. किती हलकी म्हणाल तर मी एका हाताने उचलली, आणि किती महाग ते माहीत नाही. किंमत विचारली की तो आधी पाणी पितो. स्वप्ना (सून माझी गुणी आहे, फक्त हिशेब चांगला ठेवते) एवढंच म्हणाली की त्यात तिच्या बांगड्या येऊन वर कानातलं आलं असतं. आणि एवढं सगळं देऊन त्या सायकलीला काय नाही? स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, आणि कॅरियर नाही. म्हणजे म्हातारी आई मागे बसण्याची सोयच मुळात ठेवलेली नाही. दुकानदाराला म्हणे कळतं, कुठला भाग काढला की भाव वाढतो.

ती स्टँडवाचून उभी राहत नाही म्हणून दिवाणखान्यात भिंतीला टांगली आहे. आधी तिथे ह्यांचा फोटो होता. ह्यांना आता फ्रिजच्या वर बसवलंय. हार घालायला स्टूल लागतं, पण तिथे गार वाटत असेल म्हणून मी राहू दिलं. मग कपडे आले. भाऊजी, चड्डी एवढी घट्ट की आत उशी शिवलेली आहे हे तिसऱ्या मजल्यावरून कळतं. पहिल्या दिवशी तो ती घालून खाली उतरला तेव्हा मी खिडकी लावून घेतली. वास्तविक आपलं घराणं झाकपाकीचं.

मग बूट आले. हे बूट पायडलला कुलूप लागल्यासारखे अडकतात. पाय निघावा म्हणून टाच बाहेर फिरवायची, हे ज्याने बूट विकले त्याने सांगितलं आणि ज्याने घेतले तो विसरला. तुमच्याच आगाशीच्या नाक्यावर एस.टी. आडवी आली म्हणून हा थांबला. सायकल थांबली, पाय थांबले, आणि हा मात्र घड कापल्यावर केळ कलंडते तसा सावकाश, कुणालाही न दुखवता, फुलवालीच्या टोपलीत आडवा झाला. कोपर सोलवटलं. तिने त्याला ओळखलं नाही, नाहीतर सबंध टोपलीचे पैसे घेतले नसते. घरी आला तेव्हा गळ्याशी झेंडूच्या पाकळ्या आणि अंगाला सोनचाफ्याचा वास. स्वप्नाने आधी कोपर बघितलं की आधी वासाची चौकशी केली, ते मी सांगत नाही.

एक यंत्रही आहे, फोनमध्ये. हा किती लांब गेला ते सांगतं. फोनने बघितलं नाही तर गेलेलं धरत नाहीत, असा नियम. एकदा फोनने सांगितलं की आकडा पुरा व्हायला थोडंसंच कमी आहे, तर हा बिल्डिंगच्या आवारात गोल गोल फिरायला लागला. वॉचमनला वाटलं साहेबांचं काहीतरी पडलंय. तोही बॅटरी घेऊन मागे फिरायला लागला. मग तळमजल्यावरच्या दोघी आल्या. काय पडलंय ते कुणी कुणाला विचारलं नाही, पण एकीला तिचा गेल्या वर्षी हरवलेला मंगळसूत्राचा मणी सापडला. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये परेशच्या सायकलीबद्दल कुणी वाकडं बोलत नाही.

आता खाण्याचं सांगते. याच्या सायकलवाल्यांच्या मंडळात वसईचा स्टीवन म्हणून एक पांढऱ्या दाढीचा माणूस पुढारी आहे. त्याने सगळ्यांना चकचकीत कागदातल्या वड्या खायला शिकवल्या. एक वडी खाल्ली की म्हणे दोन गावं जाता येतं. मी चाखली. खजूर आणि भुसा. म्हटलं, मेल्या, तू राजेळी केळीच्या वाडीतला, आणि विकतचा भुसा खातोस? तुम्ही धाडलेली सुकेळी डब्यात होती, त्यातली चार केळीच्या सोपटाच्या वेष्टणासकट त्याच्या पाठीवरच्या खिशात कोंबली. ज्याने लहानपणी केळं दिसलं की तोंड फिरवलं, त्याने वाटेत मुकाट्याने खाल्ली. स्टीवनने अर्धं खाल्लं आणि म्हणे रस्त्यातच सायकलवरून उतरला. त्याच्या आजीच्या घरी हीच असायची. कडक उन्हात मांडवावर केळी सोलून घालायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची, आठवडाभर रोज हात फिरवायचा, हे आता कुणाला नको असतं. आता दर रविवारी मंडळ वड्या आणत नाही, परेशच्या पाठीकडे बघत सायकल चालवतं.

भाऊजी, हे सगळं हसण्यावारी सांगितलं, पण एक गोष्ट तशी नाही. दर रविवारी तुमच्याकडे येणारा परेश तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडून परत आलेला परेश तुम्ही बघितलेला नाही. वीस वर्षं हा माझ्याशी एका पायात बूट घालता घालता बोलला. आई बरी आहेस ना, एवढं म्हणेपर्यंत दुसरा बूट चढायचा. आता तो सायकलवरून येतो आणि पाय दुखतात म्हणून माझ्यासमोर लांब करून बसतो. मी खोबरेल चोळते. पाय माझ्या हातात असल्यावर जाईल कुठे? मग बोलतो. वाडीतल्या बावखलाच्या तळ्याला पाणी किती आहे, पलीकडच्या बांधावरचा माड वाकला, काकांनी नव्या केळी कुठे लावल्या. गेल्या रविवारी म्हणाला, आई, बावखलाच्या काठी झोप काय लागते गं. म्हटलं, तुला पाळण्यात तिथेच झोपवत होते. माझ्याने आता जिने उतरवत नाहीत. वाडी दर रविवारी तिसऱ्या मजल्यावर चढून येते. या सायकलीवर जो काय खर्च झाला तो झाला. तुमचे उपकार त्याच्यापेक्षा जास्त आहेत, आणि ते मी हप्त्याहप्त्यानेच फेडीन.

थोरामोठ्यांना नमस्कार म्हणायचं तर आता थोरं आपणच उरलो. तेव्हा तो तुम्हीच घ्या.

तुमची वहिनी,
धोंडूबाई (अंगठा खाली आहे, शाई वाळली नसेल तर जपून)

ता. क. खरं पत्र इथून पुढे. परवा डॉक्टरने सांगितलं, साखर उतरली. पेढे वाटायचे की नाहीत यावर घरात वाद झाला. पण तुमची अट पुरी झाली, आणि परेश येत्या रविवारी लोखंडी सायकल टेम्पोत घालून कागदासकट तुमच्याकडे येणार आहे. माझ्या अंगठ्याशिवाय कागद पुरा होत नाही हे मला कळतं. पण ज्याच्या घरी रोज जेवते त्याला नाही म्हणताना तोंडात त्याचाच घास असतो. म्हणून सांगून बसले, आधी भाऊजींची सही, मग माझा अंगठा. तुम्ही जशीच्या तशी म्हणाला होतात ना? सायकलीची सीट माझ्या तांदळाच्या पिंपात आहे. सायकल येईल, सीट येणार नाही. चष्मा लावून बघा आणि बोट दाखवा.

आणखी ता. क. सुकेळी संपली. स्टीवनच्या मंडळासाठी जास्त धाडा.

आजोबा, ही ओळ आजीने सांगितलेली नाही, ती मेथी निवडायला गेली आहे. मागच्या आठवड्यात आई घरी नव्हती म्हणून बाबा खिचडीला तांदूळ काढायला गेले आणि सीट त्यांच्या हाताला लागली. त्यांनी ती पुसली, खोबरेल लावलं, पिशवीत गुंडाळली आणि होती त्याहून खोल पुरून वरून तांदूळ सारखे केले. रोज संध्याकाळी विचारतात, "आई, सीट दिसली का गं कुठे?" आजी म्हणते, "नाही रे बाबा, हल्ली डोळ्यांना दिसत नाही." बिल्डरचा फोन आला की सांगतात, काका अडून बसलेत. दोघंही तुमच्याच मागे लपली आहेत, तेव्हा रविवारी जरा रुंद होऊन बसा. अश्लेषा.